चालू शे

आमच्या घरातल्या मागच्या खोलीचं दार सकाळी नवाला लागतं. आत माझी नात कामाला बसते. एकला दार उघडतं, ती दोन घास खाते, दोनला परत लागतं. संध्याकाळी सहाला बाहेर येते तेव्हा तिचे डोळे लाल असतात. मी चहा टाकते.

सुरुवातीला मला रागच यायचा. घर माझं, खोली माझी, गव्हाची कोठी तिथंच, अन् मलाच आत यायची बंदी. एकदा गहू काढायचे म्हणून मी सरळ दार ढकललं. पोरीनं चटकन कॉम्प्युटरचं झाकण पाडलं.

"आजी! पहिले आवाज दे ना!"

"काबर? काय चोरी करी ऱ्हायनी का?"

"चोरी नही वं. दुसरास्ना कागद शेतस. कोनी दखाले नको."

"माले कोठे वाचता येस? मी चौथी नापास."

"तरी बी नही."

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे, म्हणून जळगावात वीस वर्षं राहूनही घरात बोलणं अहिराणीच. पोरगी बी.एस्सी. झाली, कंपनीत साहेबासारखं इंग्रजी बोलते, पण माझ्याशी भांडते ते अहिराणीतच.

तिचं काम काय, ते कळायला मला सहा महिने लागले. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद तिच्याकडे येतात. कोणाचं मन बिघडलेलं, कोणाला दारूची सवय, कोणाला गोळ्यांची. तिथला डॉक्टर पेशंटला तपासून बरंच काही लिहून ठेवतो. ही ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते अन् त्या दुखण्याला आकडा देते. कोडिंग म्हणतात त्याला. जगात जेवढी दुखणी तेवढे आकडे, अन् कुठल्याही देशात गेलं तरी दुखण्याचा मुख्य आकडा तोच. नावगाव ती कधीच सांगत नाही. कोण होता, बाई की पुरुष, तेसुद्धा नाही. आकड्यांचं मात्र सांगते.

"एफ दहा म्हणजे दारू," ती सांगायची. मी वालाच्या शेंगा सोलत असायची, ती चहा पीत असायची. "अकरा म्हणजे अफू. बारा गांजा."

"अन् तंबाखू?"

"सतरा."

"तंबाखूले बी आकडा शे?"

"शे ना. तू दिवसमा चार डाव मिश्री लावस. तुन्हा बी आकडा निंघी."

"मन्हा आकडा काढू नको बाई. मन्ही मिश्री जाई."

हसायची. हसली की तिच्या आईसारखी दिसते.

तिची आई, माझी सून, कावीळ होऊन गेली तेव्हा ही सातवीत होती. त्याच्या आधी माझा मुलगा सणावारी घ्यायचा, त्यानंतर रोज घ्यायला लागला. टेम्पो चालवायचा. टेम्पो गेला. मग दुसऱ्याच्या गाडीवर जायचा, तेही गेलं. मी केळीच्या वखारीत घड धुवायला जायची. दिवसभर हात पाण्यात, बोटांची कातडी पांढरी पडायची. घरी आलं की पोरगी अभ्यास करत बसलेली अन् तिचा बाप ओट्यावर पडलेला. आम्ही दोघी मिळून त्याला आत ओढायचो. मी खांद्याला धरायची, ती पायाला. पोरगी बारा-तेरा वर्षांची, पण बापाची चप्पल काढून नीट जोडीनं ठेवायची. दहा वर्षं हेच चाललं. फार सांगण्यासारखं त्यात काही नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे अन् ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून कळत नाही.

मग एक दिवस सकाळी तो आंघोळ करून माझ्यासमोर बसला अन् म्हणाला, "माय, माले धुळे ली चाल." धुळ्याला दारू सोडवायचा दवाखाना आहे, हे त्याला कोणी सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. पिशवी भरली. सव्वा महिना तो तिथं राहिला. पहिले आठ दिवस त्याच्या हाताला इतका कंप होता की मी त्याला चमच्यानं वरण पाजलं. आला तो नीट आला. त्याला आता तीन वर्षं झाली.

नात त्याच वर्षी नाशिकला जाऊन हे आकड्यांचं शिकली. कंपनीत लागली तेव्हा तिला विचारलं होतं म्हणे, कुठल्या कागदांवर काम करशील? हाडांचे आहेत, डोळ्यांचे आहेत, बाळंतपणाचे आहेत. तिनं दारू अन् मनाचे मागितले. बाकीच्या पोरी नको म्हणत होत्या, कारण त्यात वाचायला फार असतं. मी म्हटलं, तू कशाला मागितले? घरात पाहिलं तेवढं पुरलं नाही का?

ती म्हणाली, "माले ते समजस, आजी. डॉक्टर एक ओळ लिहस, पन माले त्यामांगे घर दखास."



तिच्या कामाचा एक कायदा आहे, तो मला फार आवडला होता. डॉक्टरनं लिहिलं तेवढंच खरं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही. तुम्हाला वाचून कितीही कळू दे की या माणसाला अमुक आहे, डॉक्टरनं लिहिलं नसेल तर आकडा द्यायचा नाही. शंका आली तर डॉक्टरला विचारायचं. क्वेरी म्हणतात त्याला. अन् विचारतानाही त्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. 'याला दारूचं आहे ना?' असं विचारलं तर ती चूक. 'याला काय आहे?' एवढंच विचारायचं. मी म्हटलं, हे तर आमच्या पंचांपेक्षा बरं. पंच तर आधी निकाल सांगायचे अन् मग साक्ष विचारायचे.

अजून एक गोष्ट तिनं सांगितली होती. दारूचा आकडा एफ दहा, त्याच्यापुढं टिंब, अन् टिंबानंतर आणखी दोन आकडे. वीस असेल तर सवय चालू आहे. एकवीस असेल तर थांबलेली आहे.

"थांबलेली? म्हंजे बरा व्हई गया?"

"बरा व्हई गया आसं नही म्हनतस, आजी. दहा वरीस लिधी नही तरी बरा म्हनतस नही. थांबेल शे, इतलंच."

मला ते पटलं. मी म्हटलं, तिकडचे डॉक्टरपण नजर लागू नये म्हणून असं बोलतात का? ती हसली. मी हसले नाही. मला खरंच वाटलं होतं.

हे नजरेचं मला सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी दोन बाळं पाळण्यातच गेली. हा तिसरा. झाला तेव्हा सासूनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारच्या आळीतली एक बाई आली, तिनं उचलला, अन् पसाभर ज्वारी देऊन मी त्याला तिच्याकडून परत घेतला. म्हणजे तो माझा नाही, टाकलेला, विकतचा. अशावर कोणाची नजर पडत नाही. तेव्हापासून मी त्याला कधी चांगलं म्हटलं नाही. शाळेत पहिला आला तेव्हा बायका म्हणाल्या, अक्का, पोरगा हुशार निघाला. मी म्हटलं, कशाचा हुशार, शे बापडा. आमच्यात असंच. कापूस कसा आहे विचारलं तर चांगला आहे असं कोणी सांगत नाही. शे बापडा म्हणतात. म्हैस दूध किती देते? देस थोडं. घर कसं आहे? चालू शे. चालू शे म्हटलं की सगळं आलं. चांगलंही आलं, वाईटही आलं, अन् कोणाच्या डोळ्यावर काहीच आलं नाही.

म्हणून तो तीन वर्षं प्याला नाही, तरी मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं की याची सुटली. शेजारणीला नाही, भावाला नाही, देवासमोरसुद्धा नाही. त्याला तर नाहीच.

धुळ्याला सहा महिन्यांनी एकदा दाखवायला जावं लागतं. आधी त्याला आत बोलावतात, मग घरच्याला एकट्याला बोलावतात, कारण पिणारा खोटं सांगतो हे त्यांनाही माहीत. गेल्या खेपेला नेहमीचे मोठे डॉक्टर नव्हते. नवीन पोरगेलासा डॉक्टर होता, कोल्हापूरकडचा. बाहेर पन्नास माणसं. त्यानं मान खाली घालूनच विचारलं, "आजी, पिण्याचं कसं काय आता?"

मी म्हटलं, "चालू शे, साहेब."

त्यानं वर पाहिलं. "चालू आहे?"

"हां. देवनी दया, चालू शे."

त्यानं लिहून घेतलं. मी नमस्कार करून बाहेर आले. मला वाटलं, किती नम्र पोरगा.

यंदा उन्हाळ्यात मुलाला काम सांगून आलं. असोद्याच्या रस्त्यावर एक लहान शाळा आहे, तिची व्हॅन चालवायची. लहान लहान पोरं घरून आणायची अन् पोचवायची. शाळा चालवणारी बाई ओळखीची, तिला त्याचं मागचं सगळं माहीत होतं. तिनं साफ सांगितलं, मला चालेल, पण पोरांच्या आईबापांना दाखवायला दवाखान्याचा कागद लागेल. तो म्हणाला, आणतो. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला शीळ वाजवताना ऐकलं. धुळ्याला एकटाच गेला, खिडकीवरून कागद घेतला अन् बंद पाकीट घेऊन दुपारी घरी आला. पाकीट त्यानं फोडलं नाही. दारावर टकटक करून पोरीला म्हणाला, "तूच फोड. तुन्हं रोजनं काम शे."

पोरीनं बाहेर येऊन उभ्याउभ्याच फोडलं. एका नजरेत तिनं वाचलं. एवढे कागद रोज वाचते, तिला वेळ लागत नाही. पण कागद तिनं उलटा केला, परत सुलटा केला.

"काय लिहेल शे त्यामा?" तिचा बाप म्हणाला.

"आबा, बस ना पहिले."

"मी उभाच बरा शे. वाच."

खोटं ती बोलू शकली असती. कागद इंग्रजीत होता, आम्हा दोघांना कळणार नव्हता. मी तिच्या तोंडाकडे बघत होते अन् मनात म्हणत होते, बोल बाई, खोटं बोल. पण कागदावर आहे तेच वाचायचं, ही तिची सवय. तिनं सांगितलं. धुळ्याचा दवाखानाही अमेरिकेच्याच यादीतले आकडे लिहितो, अन् आकडा वीसचा आहे. सवय चालू. खाली एक ओळ आहे, पेशंटच्या आईच्या सांगण्यावरून पिणं चालू आहे.

तो माझ्याकडं वळला. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"माय, तू काय सांगेल व्हतं त्यासले?"

"मी सांगं, चालू शे."

"काय चालू शे?"

"आपलं... घरदार, बठ्ठं. आपलं चालू शे म्हनतस ना तसं."

त्यानं कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला अन् बाहेर पडला. पोरगी मागं धावली, तर हातानं थांब म्हणाला.

ती दुपार मला नको आठवायला. पोरीनं कंपनीला सांगून काम थांबवलं. दार उघडं ठेवून आम्ही दोघी बसलो. तिनं दोनदा फोन लावला, फोन घरातच वाजला. चौकाच्या पुढं दुकान आहे, ते तिलाही माहीत अन् मलाही. मी म्हटलं, मी जाऊन बघू का? ती म्हणाली, नको. तू गेली तर तो म्हनी, मायले इस्वास नही. मग मी बसले. हाताला काम पाहिजे म्हणून शेंगदाणे घेतले, पण निवडलेले अन् न निवडलेले एकाच ताटात पडत होते.

पाचला आला. चालणं सरळ. कपाळावर घाम. ओट्यावर टेकला, अन् मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"कोठे गयथा रे?"

"दुकानना समोर बसेल व्हतू. दोन घंटा." तांब्या हातात तसाच धरून बोलत होता. "मी म्हनं, कागदवर लिहेलच शे दारू पेस म्हनीसन, मंग नही पिसन काय फायदा? उठनू. दोनदा उठनू. परत बसनू." मग त्यानं पाणी प्यायलं अन् तांब्या माझ्या हातात दिला. "माय, तुले आसं वाटस का, मी पेस?"

एवढा साधा प्रश्न. पन्नाशीला आलेला माणूस, अन् सात वर्षांच्या पोरासारखा विचारत होता. नाही म्हणायचं होतं मला. शब्द इथं गळ्यापर्यंत आला. अन् मला ती दोन बाळं आठवली, उकिरडा आठवला, अन् वाटलं, आज एवढा दोन घंटे बसून वाचला, अन् आता मी बोलले अन् उद्या काही झालं तर?

मी म्हटलं, "चाल, जेवी ले."

तो जेवला नाही.

तो आत जाऊन पडला तशी पोरगी मला मागच्या खोलीत घेऊन गेली. पहिल्यांदाच तिनं मला स्वतः त्या खोलीत नेलं. मी तिला म्हटलं, बाई, तुझं रोजचं काम आहे, तू तो आकडा बदल ना. एकाचाच तर फरक. वीसचं एकवीस कर. कोणाला कळणार आहे?

"आजी, तो आकडा मन्हा नही. डॉक्टरना शे. अन् डॉक्टरना बी नही, तुन्हा शे. तू सांगं, त्यानी लिखं."

"मी कोठे दारू चालू शे सांगं?"

"तू सांगं काय अन् तुन्हा मनमा काय, ते त्याले कसं समजी? तो कोल्हापूरना." अन् मग हळू आवाजात म्हणाली, "आबाले बी कसं समजी?"

तिनं दुसऱ्या दिवशीची सुट्टी टाकली.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. मुलगा पुढच्या बाकावर, आम्ही दोघी मागं. एरंडोल गेलं तरी तो मागं वळला नाही. मी पोरीला हळूच विचारलं, "तठे काय बोलू? नीट सांगी ठेव माले. पाठ करस मी."

"मी नही सांगाव."

"काबर वं?"

"मी सांगं तर ते मन्हं व्हई. तू जे दखेल शे ते सांग."

"इंग्रजी शबूद तरी सांग एखादा."

"आजी!" तिला हसू आलं. "अहिराणीमाच सांग. पन पुरं सांग."

मला तेव्हा तिचा राग आला. एवढी शिकवली, अन् म्हातारीला दोन शब्द शिकवत नाही. आता कळतं, तिनं बरोबर केलं.

दवाखान्यात तोच पोरगेलासा डॉक्टर होता. पोरीनं कागद पुढं ठेवला अन् म्हणाली, "सर, यातल्या शेवटच्या ओळीबद्दल एकदा परत विचाराल का? आजी इथं आहेत." एवढंच. बापाची दारू सुटलीय असं तिनं सांगितलं नाही, तुमची चूक झाली असंही म्हटलं नाही. डॉक्टरनं कागद वाचला, फाईल मागवली, फाईल वाचली. मग माझ्याकडं खुर्ची वळवली. यावेळी मान वर होती.

मुलगा उठून बाहेर जायला लागला, नेहमीसारखं. मी म्हटलं, "साहेब, त्याले बसू द्या."

"बरं. आजी, सांगा. हे दारू पितात का?"

पंखा फिरत होता. मुलगा जमिनीकडं बघत होता. नात माझ्याकडं बघतही नव्हती, मुद्दाम भिंतीवरचा तक्ता वाचत होती.

"नही," मी म्हटलं.

"बंद कधीपासून?"

"तीन वरीस व्हई गयात. एक थेंब बी लियेल नही."

एकदा तोंड उघडलं अन् मग मला थांबता येईना. मी सांगितलं की लग्नात गेला तरी घेत नाही, पोळ्याला नाही, होळीला नाही, सुनेच्या वर्षश्राद्धाला नाही, अन् त्या दिवशी तर सगळ्यात कठीण असतं. मी सांगितलं की काल दुकानासमोर दोन घंटे बसला अन् परत आला.

डॉक्टर लिहीत होता. लिहिता लिहिता थांबला. "आजी, एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. गेल्या वेळी तुम्ही चालू आहे म्हणालात. आज बंद आहे म्हणताय. बंद आहे हे तुम्हाला पक्कं कशावरून माहीत?"

मी हे कोणालाही सांगणार नव्हते. मेले तरी सांगणार नव्हते.

"साहेब, मी रोज त्यानं तोंड हुंगस."

"काय?"

"वास घेते," मी त्याच्या मराठीत सांगितलं. "रोज संध्याकाळी तो घरी आला की मी पाण्याचा तांब्या देते. देताना जवळ जाते. तो पितो अन् श्वास सोडतो, तेव्हा मी वास घेते. तीन वर्षं. एक दिवस चुकला नाही. मला ताप होता तेव्हाही उठून दिलं पाणी."

 डॉक्टरनं पेन खाली ठेवलं, चष्मा काढून पुसला, परत लावला. मग त्यानं लिहायला घेतलं, अन् बराच वेळ लिहिलं. मला त्या आवाजाची भीती वाटत होती. झालं, बोलून गेले, आता कागदावर गेलं.

"आजी," तो म्हणाला, "आमच्याकडंपण असंच बोलतात वो. आईला विचारलं की म्हणते, चाललंय. मलाच कळायला पाहिजे होतं."

नवीन कागदाला अर्धा तास लागला. खिडकीवर पोरीनं घेतला, वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून परत वाचला. बापाच्या हातात दिला. "एकवीस," म्हणाली. त्यानं विचारलं नाही, काय म्हणून. तोही आता तेवढं शिकला होता.

व्हॅन त्याला मिळाली. शाळा उघडली तेव्हापासून चालवतो. पोरं त्याला आबाच म्हणतात, अन् एका पोरीला रोज पुढंच बसायचं असतं, त्यावरून भांडणं होतात. ते नंतरचं.

त्या दिवशी मात्र धुळ्याच्या स्टँडवर आम्ही तिघं गाडीची वाट बघत उभे होतो, अन् तो माझ्याकडं तोंड करून म्हणाला, "तीन वरीस?"

"तीन वरीस."

"रोज?"

"रोज."

"मी म्हनू, ही डोकरी पानी देवाले इतली आंगवर काबर येस! मी समजू, तुले आते दखात नही."

नात इतकी हसली की शेजारच्या बाईनं वळून बघितलं. मला लाज वाटत होती. मी पदर तोंडाला लावला. म्हटलं, याला आता राग येईल, आईनं चोरासारखी पाळत ठेवली म्हणून. त्यानं हातातल्या कागदाची घडी नीट केली. मग म्हणाला, "तुले जर एखादा दिन दारूना वास उना आसता तर?"

"तर काय? दुसरा दिनले परत पानी दिधं आसतं."

त्यानं मान हलवली अन् तोंड फिरवलं. गाडी लागली तेव्हा आधी चढून त्यानं जागा धरली. या खेपेला पोरीला पुढच्या बाकावर बसवलं अन् स्वतः माझ्याजवळ बसला.

पारोळ्यापर्यंत कागद हातात धरून बसला होता. मग झोप लागली. आदल्या रात्री झोपला नव्हता बहुतेक, मीही नव्हते. रस्त्याला खड्डा आला तसं त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, अन् तिथंच राहिलं. जड होतं. केस पिकलेत त्याचे, मी एवढ्या जवळून कधी बघितले नव्हते. तोंड थोडं उघडं होतं, श्वास माझ्या गालावर येत होता.

मी तोंड खिडकीकडं केलं. बाहेर कापसाची रोपं बोटभर वर आली होती. कंडक्टर आला, मी त्याला खुणेनं सांगितलं, तिकीट पुढच्या पोरीजवळ आहे, याला उठवू नको.